रजेचे पैसे मोजल्याशिवाय सही करू नका
दुबईची नोकरी सोडताना हक्काच्या रजेचा हिशोब कसा मागावा

श्रीवर्धन, म्हसळा, खेड, चिपळूण, राजापूर या भागांत अशी कितीतरी घरे आहेत की आजोबा आखातात गेले, मग मुलगा गेला आणि आता नातू जातो. सुतार, वेल्डर, शिंपी, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, सेल्समन अशा हरतऱ्हेच्या कामांत आपली माणसे तिथे आहेत. नोकरी कशी मिळवावी, एजंट कोणता गाठावा, मेडिकल कुठे करावे, हे सांगणारे गावात दहा जण भेटतात. पण नोकरी सोडताना आपले किती पैसे कंपनीकडे निघतात, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही. परिणामी माणूस कंपनी देईल तेवढी रक्कम घेतो, कागदावर सही करतो आणि विमानात बसतो.

अशा वेळी सर्वांत जास्त बुडणारी रक्कम म्हणजे न घेतलेल्या रजेचे पैसे. चालू महिन्याचा पगार कोणी विसरत नाही. ग्रॅच्युइटीबद्दलही लोक आता विचारू लागले आहेत. रजेचे पैसे मात्र पुष्कळांना मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी वाटते. ही समजूत चुकीची आहे. रजा ही केलेल्या कामातून मिळवलेली मजुरी आहे. ती घेतली नसेल तर तेवढे पैसे मालकाकडे आपले देणे म्हणून राहतात. या लेखात आम्ही मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी वगैरेंचा कायदा पाहणार आहोत. शेवटी सौदी अरबस्तानविषयीही थोडे सांगू.

कायदा काय म्हणतो?

अमिरातीत खाजगी नोकऱ्यांसाठी पूर्वी १९८० चा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ चा ३३ क्रमांकाचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. वार्षिक रजेचे मुख्य नियम या कायद्याच्या २९ व्या कलमात आहेत. त्यांतील कामाच्या गोष्टी अशा :

एक, नोकरीचे वर्ष पूर्ण झाले की वर्षाला किमान ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते. नोकरी सहा महिन्यांहून जास्त पण वर्षापेक्षा कमी असेल तर महिन्याला दोन दिवस.

दोन, हे ३० दिवस कॅलेंडरचे आहेत. मधली साप्ताहिक सुट्टी किंवा ईदची सुट्टी त्यातच धरली जाते. करारात वेगळे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी.

तीन, माणूस शिल्लक रजा न घेता नोकरी सोडून गेला, तर ती रजा कितीही दिवसांची असो, तिचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. शेवटचे वर्ष अर्धवट राहिले असेल तर त्या महिन्यांच्या प्रमाणात रजा धरायची.

चार, हे पैसे मूळ पगारावर, म्हणजे बेसिकवर मोजायचे. या चौथ्या मुद्द्यात बरीच गोम आहे. ती पुढे पाहू.

पाच, करार संपल्यापासून १४ दिवसांच्या आत मालकाने पगार, रजा, ग्रॅच्युइटी असे सर्व देणे चुकते केले पाहिजे. हे ५३ व्या कलमात आहे.

राजीनामा आपण दिला की कंपनीने काढले, याने रजेच्या पैशांत फरक पडत नाही. दोन्ही प्रसंगी हक्क तोच.

एका सुताराचा हिशोब

आकड्यांशिवाय गोष्ट ध्यानात येत नाही. म्हणून समजा, आपला एक सुतार शारजातील फर्निचरच्या कारखान्यात १ मार्च २०२२ रोजी लागला आणि ३० जून २०२५ रोजी त्याची नोकरी संपली. एकूण नोकरी ३ वर्षे ४ महिने. पगार १,८०० दिरहम. त्यातील मूळ पगार १,२०० आणि भत्ते ६००. मधे एकदा तो ६० दिवस गावी येऊन गेला.

तीन वर्षांची रजा झाली ९० दिवस. पुढच्या चार महिन्यांची, महिन्याला अडीच दिवस या हिशोबाने, १० दिवस. एकूण १०० दिवस. त्यातून घेतलेले ६० वजा केले की ४० दिवस शिल्लक.

मूळ पगार १,२०० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ४० दिरहम. चाळीस दिवसांचे झाले १,६०० दिरहम. हे त्याच्या रजेचे पैसे.

ग्रॅच्युइटी वेगळी. पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचा मूळ पगार, या नियमाने ३ वर्षे ४ महिन्यांचे ७० दिवस होतात. म्हणजे २,८०० दिरहम. जून महिन्याचा पगार १,८००. तिन्ही मिळून ६,२०० दिरहम झाले.

आता कंपनीने त्याच्यापुढे ४,६०० दिरहम ठेवले आणि “हा तुझा पूर्ण हिशोब” म्हटले, तर रक्कम मोठी दिसते म्हणून तो खूश होतो. त्यातून रजेचे १,६०० दिरहम गळालेले त्याला कळतही नाहीत. त्याच्या मूळ पगाराने पाहिले तर ही सव्वा महिन्याहून जास्त कमाई आहे. गावी परतून कटर, प्लेनर घेऊन स्वतःचा छोटा धंदा सुरू करणाऱ्या माणसाला ही रक्कम मोठी आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, हिशोबाचा कागद मागताना “एकूण किती” असे विचारू नका. पगार किती, रजा किती दिवसांची आणि कोणत्या दराने, ग्रॅच्युइटी किती दिवसांची, आणि कापले काय काय, असे चार वेगळे आकडे लिहून मागा.

मूळ पगाराची गोम

वरच्या सुताराने तेच ४० दिवस नोकरीत असताना रजा म्हणून घेतले असते, तर ती भरपगारी रजा असल्याने त्याला भत्ते धरून दिवसाला ६० दिरहम, म्हणजे २,४०० दिरहम पडले असते. नोकरी सोडताना त्याच दिवसांचे १,६०० होतात. फरक ८०० दिरहमचा. याचा अर्थ उघड आहे : अमिरातीत साठवलेली रजा घेतलेल्या रजेपेक्षा स्वस्त पडते. नोकरी सोडायचे मनात असेल तर नोटीस देण्याआधीच शिल्लक रजेचा अर्ज करून ती घेता येते का पाहावे. रजेच्या तारखा कामाच्या सोयीने ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे, त्यामुळे अर्ज वेळेवर करावा. मात्र दोन वर्षांहून जास्त काळ साठलेली रजा घेण्यापासून मालक कामगाराला रोखू शकत नाही.

दुसरी गोष्ट नोकरी धरतानाची. एजंट “पगार १,८००” एवढेच सांगतो आणि आपण तेवढेच ऐकतो. करारात मूळ पगार १,२०० लिहिला आहे की ८००, हे पाहत नाही. महिन्याच्या शेवटी हातात सारखेच पैसे येतात, म्हणून फरक जाणवत नाही. तो जाणवतो सोडताना, कारण रजा आणि ग्रॅच्युइटी दोन्ही मूळ पगारावरच मोजतात. मूळ पगार ८०० असता तर त्या सुताराची रजा व ग्रॅच्युइटी मिळून ४,४०० ऐवजी तीन हजारांच्याही आत आली असती. तेव्हा करारावर सही करताना मूळ पगाराचा आकडा आधी वाचावा.

मालक काय काय सांगतात

हिशोबाच्या वेळी ऑफिसातला माणूस किंवा मंदूब काही ठराविक वाक्ये ऐकवतो. त्यांची उत्तरे तयार ठेवावीत.

“तू रजेचा अर्जच केला नाहीस, म्हणून ती गेली.” नोकरी संपताना शिल्लक रजेचे पैसे द्यावेच लागतात. अर्ज केला नव्हता म्हणून ते बुडत नाहीत.

“तू राजीनामा दिलास, म्हणून कापणार.” ही जुन्या कायद्याची उरलेली सवय आहे. १९८० च्या कायद्यात पाच वर्षांच्या आत राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी कापली जाई. २०२२ पासून ती कपात गेली. रजेच्या पैशांचा तर राजीनाम्याशी संबंधच नाही.

“रजेचे पैसे ग्रॅच्युइटीतच आले.” दोन्ही देणी वेगवेगळ्या कलमांतली आहेत. एकात दुसरे मिळवता येत नाही.

“तुझ्या व्हिसाचा खर्च वळता केला.” भरतीचा आणि नोकरीला लावण्याचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने घेण्यास कायद्याची मनाई आहे. उचल घेतली असेल आणि त्याचा कागद असेल तर ती कापणे वेगळे.

एक वाक्य मात्र खरे असू शकते : “तू नोटीस दिली नाहीस.” करारात ३० ते ९० दिवसांची जी नोटीस ठरली असेल ती पाळावी लागते. न पाळल्यास तेवढ्या दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, आणि तो भत्ते धरून. आपल्या सुताराने ३० दिवसांची नोटीस न देता काम सोडले असते, तर त्याच्याकडून १,८०० दिरहम निघाले असते. रजेचे १,६०० तर गेलेच, वर पदरचे २०० गेले असते. रजेवर म्हणून गावी यायचे आणि परत जायचेच नाही, ही आपल्याकडची रीत याच कारणाने महागात पडते. तिथे गैरहजर अशी नोंद होते, हिशोब करायला समोर कोणी नसते आणि हक्काचे पैसेही मागता येणे अवघड होते.

सही कधी करायची?

व्हिसा रद्द करताना, ज्याला सारे कॅन्सलेशन म्हणतात, कामगाराला एका कागदावर सही करावी लागते. आपले सर्व देणे मिळाले अशी कबुली त्यात असते. “आधी सही कर, पैसे नंतर खात्यात येतील,” असे सांगितले जाते. अनेकदा येतातही. पण आले नाहीत तर आपल्याच सहीचा कागद आपल्याविरुद्ध पुढे केला जातो. म्हणून रक्कम हातात किंवा खात्यात आल्यावरच सही करावी. रोख मिळत असेल तर मोजून घ्यावी. कागद अरबीत असेल तर वाचता येणाऱ्याकडून समजून घ्यावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा. पासपोर्ट अडवून सही मागितली जात असेल तर ध्यानात ठेवावे की कामगाराची कागदपत्रे ताब्यात ठेवण्याची परवानगी कायदा मालकाला देत नाही.

पुरावा आपल्याजवळ हवा

शिल्लक रजा किती, यावर वाद झाला तर कागद बोलतात. मूळ पगाराचा आकडा असलेला करार, पगार जमा झाल्याचे बँकेचे स्टेटमेंट, रजेचे अर्ज, ते नाकारल्याचे मेसेज, आणि पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, एवढे जवळ असावे. अमिरातीच्या विमानतळावर हल्ली यंत्रातून जाताना शिक्का पडत नाही, पण मुंबईच्या इमिग्रेशनचा शिक्का आणि जुनी तिकिटेही उपयोगी पडतात. किती दिवस गावी होतो हे त्यावरून सिद्ध होते. या सर्वांचे फोटो घरच्या एखाद्या माणसाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावेत, कारण नोकरीबरोबर कधी कंपनीचा फोन आणि खोलीही सुटते.

पैसे दिले नाहीत तर

चौदा दिवस उलटले आणि पैसे आले नाहीत, तर मानव संसाधन व अमिरातीकरण मंत्रालयाकडे तक्रार करता येते. आपले लोक त्याला “मोहरे” म्हणतात. मोबाइल अ‍ॅपवरून, किंवा कामगारांच्या तक्रारी व सल्ल्यासाठी असलेल्या ८००८४ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. मंत्रालय प्रथम दोघांत तडजोड घडवायचा प्रयत्न करते. १ जानेवारी २०२४ पासून ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालयच निर्णय देऊ शकते, आणि त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकुमासारखी होते. रजेच्या पैशांचे बहुतेक वाद या मर्यादेतच बसतात. त्याहून मोठी प्रकरणे कोर्टात जातात. तिथेही एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्यात कामगाराला कोर्टाची फी पडत नाही.

दाव्याची मुदत पूर्वी एक वर्षाची होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती नोकरी संपल्यापासून दोन वर्षे झाली. तरीही दोन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. गावी परतल्यावर तिथे कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावे लागले, तर त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे आणि अमिरातीच्या वकिलातीचे प्रमाणीकरण लागते. एवढ्या खटपटीत आणि खर्चात छोटी रक्कम तिथेच सोडून द्यावीशी वाटते. तक्रार तिथे असतानाच केलेली बरी.

मदतीसाठी दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे. त्याचा अमिरातीतून मोफत लागणारा क्रमांक ८००४६३४२. भारतात परतलेल्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या “मदद” पोर्टलवर आपले गाऱ्हाणे नोंदवता येते.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, स्वयंपाकी यांच्यासाठी २०२२ चा वेगळा कायदा आहे. तसेच दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र आणि अबुधाबीचे ग्लोबल मार्केट या दोन क्षेत्रांचे नोकरीचे नियम स्वतंत्र आहेत. तिथे वरचा हिशोब जसाच्या तसा लावू नये.

सौदीत काय फरक?

आपले अनेक वाचक सौदीत आहेत. तिथे रजा वर्षाला किमान २१ दिवस, आणि एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे झाल्यावर ३० दिवस. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे तिथेही मिळतात, अर्धवट वर्षाचे प्रमाणात. मोठा फरक असा की सौदी कायद्यातील “पगार” या शब्दात मूळ पगाराबरोबर ठरलेले भत्तेही येतात. मालकाने नोकरी संपवली तर एका आठवड्यात, आणि कामगाराने सोडली तर दोन आठवड्यांत हिशोब चुकता झाला पाहिजे. दाव्याची मुदत मात्र नोकरी संपल्यापासून १२ महिनेच आहे. दुबईचे ऐकून रियाध-जेद्द्यात दोन वर्षे थांबणाऱ्याचा हक्क बुडेल.

आपल्या दुकानातही

आखातातून परतलेले कित्येक जण आज महाड-चिपळूणपासून मुंब्रा-भिवंडीपर्यंत स्वतःची वर्कशॉप, दुकाने, हॉटेले चालवतात आणि चार माणसांना काम देतात. परक्या मुलखात ज्या रजेच्या पैशांसाठी आपण मंदूबाच्या टेबलापुढे उभे राहिलो, त्याच पैशांसाठी आपला कारागीर आपल्या गल्ल्यापुढे उभा राहतो, तेव्हा आपण काय करतो हेही तपासले पाहिजे. वादाचे मूळ बहुधा बेइमानीत नसून न लिहिलेल्या हिशोबात असते. कोण कधी लागला, किती रजा ठरली, किती घेतली, किती उरली, एवढ्या चार रकान्यांची वही ठेवली आणि दर तीन महिन्यांनी कारागिराला ती दाखवून त्याची सही घेतली, तर सोडून जाताना दोघांतही कटुता राहत नाही. चांगला कारागीर हातचा गेला तरी पुन्हा बोलावता येतो, तो अशाच दुकानदाराला.

आखातात असलेल्या आमच्या वाचकांनी हा लेख वाचून झाल्यावर एक काम आजच करावे. करार काढून मूळ पगाराचा आकडा पाहावा, नोकरीला लागल्याची तारीख आणि आजवर घेतलेले रजेचे दिवस एका कागदावर लिहावेत, आणि शिल्लक दिवस मोजावेत. नोकरी सोडायची असो वा नसो, आपले किती दिवस मालकाकडे जमा आहेत हे आजच माहीत असले पाहिजे.